अर्धवट पदवीधरांसाठी कॉलेज निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

पदवी अर्धवट राहिलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याला एखादा फॉर्म भरायला द्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट इथपर्यंत पेन सुरळीत चालतं. ‘शैक्षणिक पात्रता’चा रकाना आला की तो पेन झटकतो, शाई संपली का बघतो, आणि मग बारीक अक्षरात लिहितो ‘एस.वाय.बी.कॉम.’ किंवा ‘बी.ए.पर्यंत’. फारच धीट असेल तर ‘बी.एस्सी. अपिअर्ड’. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी माहितीच्या कागदावर ‘बी.कॉम. करत आहे’ असं लिहिलं होतं. पुढची चोवीस वर्षं ते वाक्य कुणी खोडलं नाही.

मी कराडच्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. १९९८ साली माझं दुसरं वर्ष झालं आणि पाठोपाठ लग्न झालं. राहिलेली पदवी घ्यायचीच असं मी २०११ साली ठरवलं, २०२२ साली प्रवेश घेतला आणि २०२५ साली पास झाले. म्हणजे शिकायला तीन वर्षं लागली आणि कॉलेज निवडायला अकरा. या विषयावर अधिकाराने बोलायला आणखी काय लागतं? माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, त्यांना उपयोगी पडावी म्हणून ही पद्धत लिहून काढते आहे.

पहिला नियम: घाई करायची नाही. कॉलेज निवडणं हाच मुळात एक अभ्यासक्रम आहे आणि तो सगळ्यांत स्वस्त आहे. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही, नापास होण्याची सोय नाही. लवचिक म्हणाल तर इतका, की आषाढात सुरू करून तुळशीच्या लग्नापर्यंत विसरून गेलं तरी पुढल्या आषाढात पुन्हा तिथूनच सुरू करता येतो. शिवाय ‘मी सध्या कॉलेज बघतेय’ या वाक्याला समाजात मान आहे. प्रवेश घेतलेल्या बाईला लोक ‘कशाला आता?’ म्हणतात. बघणाऱ्या बाईला ‘वा!’ म्हणतात.

बघण्याची जागाही चांगली असावी. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि विमा कंपनीत काम करणारी माझी मैत्रीण (बी.ए.पर्यंत), संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसून हे काम करत असू. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात ते ठिकाण. शेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी. त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ नाशिकला गंगापूर धरणाजवळ आहे आणि त्याचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असं आहे. गंगा घरी येणार असताना आपण कृष्णेकाठी भेळ खात तिची वाट बघतो आहोत, यात काही विसंगती आहे असं आम्हांला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

पर्याय जितके जास्त तितकी निवड लांबते, आणि या बाबतीत देशाने आपल्याला काही कमी पडू दिलेलं नाही. पोस्टाने पदवी देण्याचा उद्योग दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली सुरू केला. मुंबई विद्यापीठ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात उतरलं. पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपलं ‘इग्नू’, आणि १९८९ साली नाशिकचं. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर इग्नूचेही झाले. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. तेव्हाची माणसं वर्ग संपवून कामावर जात असत. कुठलं कॉलेज घ्यावं यावर त्यांनी फार चर्चा केल्याचं काही माझ्या वाचनात नाही.

पर्यायांची यादी झाली की कागदपत्रं काढायची. ही पायरी खरं तर यादीच्या आधी करायची असते, पण ते कळेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. जुनी गुणपत्रिका माळ्यावरच्या ट्रंकेत असते. ट्रंक उघडली की आधी गॅसचं जुनं पुस्तक निघतं, मग मुलीची पोलिओची कार्डं, मग एक पैठणी, आणि पैठणी निघाली की त्या दिवसाचं काम संपतं. गुणपत्रिका सापडलीच तर ती नेमकी पहिल्या वर्षाची असते.

पुरुषांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. त्यांचं नाव आयुष्यभर एकच असतं.

गुणपत्रिकेवर मी माहेरची होते. आधार कार्डावर सासरची. पॅन कार्डावर सासरचीच, पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि आमच्या वेळी लग्न नोंदवायला कुणी गेलं नव्हतं, कारण जेवायला आठशे माणूस होतं आणि एवढ्या साक्षीदारांनंतर नोंदणी कशाला असं सासऱ्यांचं मत होतं. मग लग्नानंतर बावीस वर्षांनी आम्ही दोघं ते नोंदवायला गेलो. यांनी नवा शर्ट घातला होता. नोंदणीच्या खिडकीत ‘लग्नाचा फोटो आणलाय का?’ असं विचारलं, आणला होता. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि ‘हे तुम्हीच का?’ असं दोघांनाही विचारलं. तेवढ्यावर भागलं नाही तर राजपत्रात नावाची जाहिरात द्यावी लागते. माझी एक चुलत बहीण तिथवर जाऊन आली. आता तिच्या तिन्ही नावांची पदवी एकच आहे.

त्यानंतर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात तुम्ही काय करत होता हे शपथेवर सांगावं लागतं. मजकूर टायपिस्टकडे तयारच असतो, फक्त सालं घालायची: ‘सदर कालावधीत मी अन्यत्र कोठेही शिक्षण घेतलेले नाही.’ या कालावधीत मी टॅली शिकले, जीएसटी शिकले, नोटाबंदीत अहोरात्र रांगा सांभाळायला शिकले, दोन मुलं दहावीपर्यंत शिकवली, सासूबाईंना इन्सुलिन टोचायला शिकले आणि पंधरा ऑडिटर चहावर थोपवायला शिकले. चोवीस वर्षांत काही शिकले नाही असं मी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं आणि खाली सही केली. टायपिस्टने आणखी तीस रुपये घेतले.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे वळू. सरकारी मुक्त विद्यापीठात कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीची फी वर्षाला काही हजारांत बसते. आमच्या पतसंस्थेत लोक मोबाइलसाठी याहून जास्त कर्ज काढतात. पण ही छापील फी झाली. तिच्यात परीक्षा फी मिळवा, विलंब शुल्क मिळवा, ते भरायलाही उशीर होतो म्हणून अतिविलंब शुल्क मिळवा (हा शब्द ज्याने काढला त्याला माणसाची पुरती ओळख होती), झेरॉक्स, रिक्षा, परीक्षेच्या दिवसांची बिनपगारी रजा, आणि शेवटी पदवीदान समारंभाची फी. शिवाय दर वर्षी दोन निळी आणि एक काळं पेन नव्याने घ्यावं लागतं, कारण घरातली पेनं मुलं नेतात. हे सगळं मांडून मी एक तक्ता केला होता. सात विद्यापीठं, अकरा रकाने. तो तक्ता इतका चांगला झाला की आमच्या मॅनेजरनी त्यावरून कर्ज अर्जांचा नमुना बदलला. प्रवेश मात्र त्या वर्षी राहून गेला.

तक्ता करायचा नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे इंटरनेटवर कुठेही आपला फोन नंबर टाकायचा. चौथ्या मिनिटाला फोन येतो. पलीकडची मुलगी तुम्हांला पहिल्याच वाक्यात ‘मॅम’ म्हणते, तुमच्या स्वप्नांची चौकशी करते आणि आज रात्री बारापर्यंत पस्तीस टक्के स्कॉलरशिप आहे असं सांगते. कशाबद्दल स्कॉलरशिप? तर फोन उचलल्याबद्दल. अशा ठिकाणची फी सरकारी फीच्या कितीतरी पट असते, पण ती बिनव्याजी हप्त्यांत असते, त्यामुळे ऐकताना कमी वाटते. मी कर्जवसुलीच्या टेबलावर नऊ वर्षं काढली आहेत. हप्ता किती असं जो सांगतो त्याला मी ‘एकूण किती?’ असं विचारते. त्या मुलीने दर वेळी ‘मॅम, मी तुम्हांला सीनिअर काउन्सेलरशी जोडते’ असं म्हटलं. सीनिअर काउन्सेलरला हप्ताच माहीत होता.

तिसरा मार्ग सगळ्यांत लवचिक. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर एक ऑफिस असतं, त्याच्या काचेवर पाच राज्यांतल्या विद्यापीठांची नावं चिकटवलेली असतात. तिथल्या गृहस्थांनी माझी अडचण शांतपणे ऐकून घेतली आणि मला २००३ सालची पदवी देऊ केली. आज पैसे भरायचे, पदवी २००३ ची. ‘म्हणजे ताई, गॅपचाही प्रश्न नको.’ इतकं समजून घेणारा माणूस मला शिक्षणक्षेत्रात पुन्हा भेटला नाही. पण दूरस्थ शिक्षणाची एजन्सी कुणाला चालवायला देता येत नाही, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग दर वर्षी जाहीर करतो आणि त्यात नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं टिकून आहे. तिथे जायच्या आधी ती यादी वाचा. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर दुसरीही यादी असते: कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या वर्षी, कुठल्या विषयासाठी मान्यता आहे याची. तीही वाचा. विद्यापीठाचं नाव आहे म्हणून तुमचा विषय आहेच असं नाही. २०२४ पासून तर दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डेब आयडी’ काढावाच लागतो. तो काढताना काय मान्य आहे ते आपोआप कळतं. आणि कुणी पत्रव्यवहाराने इंजिनिअर करतो म्हणाला तर जिना उतरा. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकाराचा निकाल २०१७ सालीच लावला आहे.

विनोद थोडा बाजूला ठेवून एक गोष्ट विचारते: तुमची जुनी वर्षं धरणार आहेत का? सगळ्या निवडीत हाच एक प्रश्न महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. मी पहिलं आणि दुसरं वर्ष पास होते, तेव्हा एकच वर्ष उरलं असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. हल्ली शैक्षणिक क्रेडिटची बँक आहे, तिथे तुमचं शिक्षण जमा राहतं, हे पेपरात वाचून मला भरून आलं होतं. अखेर आमच्या धंद्याचं महत्त्व शिक्षणखात्याला कळलं. पण ही बँक निघाली २०२१ साली, आणि तिथल्या क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. माझे गुण १९९८ चे, तेव्हा क्रेडिट हा शब्द आम्ही फक्त डेबिटच्या समोर लिहीत असू. बँकेतल्या ठेवीला दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाने कागद दाखवले की परत मिळते. इथे मी स्वतः जिवंत उभी होते तरी मिळेना. अभ्यासक्रम चार वेळा बदललाय, पहिल्यापासून करावं लागेल, असं खिडकीतून सांगण्यात आलं. काही विद्यापीठं जुनी वर्षं किंवा काही विषय धरतात, काही धरत नाहीत. जे सांगतील ते लेखी घ्या. तोंडी सांगणाऱ्याची पुढच्या महिन्यात बदली होते.

म्हणून मी चव्वेचाळिसाव्या वर्षी एफ.वाय.ला बसले. माझी थोरली तेव्हा एस.वाय.ला होती. आठवडाभर तिने मला ‘ज्युनिअर’ म्हणून हाक मारली.

कुठे प्रवेश घेतला ते सांगत नाही. जाहिरात वाटेल, किंवा तक्रार वाटेल, आणि दोन्ही अर्ध्याच खऱ्या असतील. पण अकरा रकान्यांपैकी शेवटी उपयोगी पडला तो एकच, आणि तो मी सगळ्यांत शेवटी, जागा उरली म्हणून घातला होता: अभ्यासकेंद्र एसटी स्टँडपासून किती लांब. तुमचं विद्यापीठ राज्याचं असो, केंद्राचं असो, त्याची कीर्ती सातासमुद्रापार असो. रविवारी सकाळी संपर्कसत्राला तुम्ही पोचता की नाही हे त्या अंतरावर ठरतं. माझं अठरा मिनिटं चालत होतं. सत्राला नोंद बत्तीस जणांची होती, येत आम्ही सहा. एक गवंडी, एक होमगार्ड, दोन अंगणवाडी सेविका, एक जिमवाला आणि मी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्या मला काकू म्हणत आणि मी त्यांना मॅडम, त्यामुळे दोघींचाही मान राहिला.

तेव्हा परीक्षा केंद्र कुठलं, सत्र रविवारी की शनिवारी, पुस्तकं घरी येतात की आणायला जायचं, गृहपाठ हाताने लिहायचा की नाही, परीक्षा वर्षातून दोनदा होते की एकदा, आणि तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत संपवता येते, एवढंच विचारा. इग्नूत तीन वर्षांच्या बी.ए.ला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे आणि परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. हा खरा लवचिकपणा. मार्चअखेरीला ज्यांचं ऑफिस रात्री अकराला सुटतं त्यांना त्याची किंमत विचारा.

लवचिकपणाच्या बाबतीत आयोग आपल्यापुढे दोन पावलं आहे. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी मिळाली आहे. ज्याची एकही होत नाही त्याला हा मोठाच दिलासा.

परीक्षेबद्दल एकच सूचना. तीन तास हाताने लिहायची सवय आत्तापासून करा. चोवीस वर्षांत माझा हात सही करण्यापुरताच उरला होता. पहिल्या पेपरला दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटी मी सवयीने सही ठोकली, आणि पर्यवेक्षकांना बोलावून ती खोडायची परवानगी घ्यावी लागली.

आणि पास झाल्यावर काय विचारतील तेही सांगून ठेवते. ‘अभिनंदन’ म्हणायच्या आधी विचारतील, ‘रेग्युलर की बाहेरून?’ बाहेरून. जणू आपण तीन वर्षं कॉलेजच्या खिडकीचे गज धरून उभे होतो. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे असं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केलं. त्याची एक प्रत मी पर्समध्ये ठेवते. आमच्या चेअरमनना दाखवली, त्यांनी नीट वाचली, ‘छान’ म्हणाले आणि विचारलं, ‘पण बाहेरूनच ना?’ माझं अधिकारीपदाचं प्रकरण पुढच्या संचालक मंडळाच्या सभेत आहे. म्हणजे सभा झाली तर.

माझी तिन्ही वर्षांची पुस्तकं कपाटात तशीच आहेत. मैत्रिणीसाठी ठेवली होती. ती म्हणाली, ‘नेते गं, पण आधी कॉलेज तर ठरू दे.’ तिने माझा तक्ता नेलाय आणि त्यात दोन रकाने वाढवलेत. तेव्हा पुस्तकं ज्यांना हवी असतील त्यांनी न्यावीत. पैसे नकोत. दुसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्रावर आमटीचा डाग आहे, पण त्या पानावर परीक्षेत काही विचारत नाहीत. पतसंस्थेत साडेदहा ते दोन या वेळेत या. येताना पिशवी आणा, आणि तुमची गुणपत्रिका त्याआधी ट्रंकेतून काढून ठेवा.